तिसऱ्या पक्ष्याचा डोळा

मित्रांनो, मला टेबलावर पसरून बघाल तर तुम्हाला काहीच दिसणार नाही. पिवळट, मऊ पडलेला कागद, घड्यांवर चिकटपट्ट्या आणि कडांना निळे डाग, एवढंच दिसेल. हा कचरा कशाला ठेवलाय असं तुम्ही विचाराल, आणि मी तुमच्यावर रागावणार नाही. पण मला खिडकीशी न्या, उजेडासमोर धरा आणि जरा थांबा. मग मी दिसू लागतो. एक वळणदार वेल, तिला सतरा पानं, पाच फुलं आणि वेलीवर ओळीने बसलेले चार पक्षी, सगळं उजेडाच्या ठिपक्यांनी काढलेलं.

भरतकामाची नक्षी कापडावर उतरवायचा एक जुना कागद, ही माझी ओळख. माझ्या अंगावर शाईची एकही रेघ नाही. आहेत ती फक्त सुईने पाडलेली भोकं. दुसरी कुठलीही वस्तू अंगाला भोकं पडली की निकामी होते; मी भोकं पडल्यावर कामाचा झालो. मला कापडावर ठेवायचं, निळीची पूड भरलेली छोटी पुरचुंडी माझ्या अंगावरून हलके हलके थोपटत न्यायची, आणि मला उचलायचं. कापडावर निळे ठिपके उतरलेले असतात. भरतकाम करणारी बाई ते ठिपके पेन्सिलीने जोडते, त्यावर टाके घालते, शेवटी कापड धुते. नीळ वाहून जाते आणि माझी खूण राहत नाही. सगळं कौतुक रेशमाचं होतं. पूर्वी मला याचं वाईट वाटायचं, आता वाटत नाही.

मला आखणीबाईंनी बनवलं. हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण बुधवारच्या मंडळात त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. वाचनालयाच्या मागे एक खोली आहे. तिथे लांब टेबल, नऊ खुर्च्या, चहाची एक किटली आणि पश्चिमेकडे मोठी खिडकी. दर बुधवारी दुपारी तीन वाजता गावातले भरतकाम करणारे तिथे जमत. गावात एक प्रसूतिगृह होतं, आणि तिथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाला एक भरलेलं दुपटं द्यायचं, असं मंडळाने ठरवलेलं होतं. बाळ कुणाचं आहे, हे विचारायचं नाही. पहिल्या दिवशी त्याच्या अंगावर कुणाच्या तरी हातचे टाके असावेत, एवढाच हेतू होता.

आखणीबाई मंडळात आल्या त्या टाके शिकायला. ते काही त्यांना जमलं नाही. मंडळ सुरू करणाऱ्या मास्तरीणबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांची तपासणी करायची सवय निवृत्त झाली नव्हती. आखणीबाईंचा पहिला साखळी टाका त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि ही साखळी कुठल्या चोराला बांधायची आहे, असं विचारलं. सगळे हसले. आखणीबाईही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते. पुढच्या बुधवारी त्या सुई न आणता एक वेल काढून घेऊन आल्या. ती वेल टेबलावर ठेवली तेव्हा सगळे हातातलं काम टाकून तिच्याभोवती जमले. त्या दिवसापासून टाके इतरांचे आणि आखणी त्यांची, अशी वाटणी झाली.

आता माझ्या जन्माची गोष्ट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघतं. एका दुपारी आखणीबाईंनी घरच्या टेबलावर घोंगडीची चौपदरी घडी घातली, तिच्यावर मला पसरलं आणि बुचात खोचलेली एक सुई हातात घेतली. टोच, टोच, टोच, असा आवाज येऊ लागला. दुखलं का, असं विचाराल तर नाही. प्रत्येक भोकातून थोडा उजेड आत येत होता आणि मी झोपेतून हळूहळू जागा होत होतो. वेल झाली, पानं झाली, पहिला पक्षी झाला, दुसरा झाला. तिसऱ्याची चोच झाली, डोकं झालं, आणि शाळेतून निरोप आला की तुमचा मुलगा घसरगुंडीवरून पडलाय. आखणीबाईंनी सुई तशीच घोंगडीत खोचली आणि धावत गेल्या.

मुलाचा फक्त ओठ फुटला होता. संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन त्या पुन्हा कामाला बसल्या आणि सरळ शेपटीपासून सुरुवात केली. तिसऱ्या पक्ष्याला डोळा पाडायचा राहून गेला. शिवाय भोकं पाडून झाली की कागदाच्या मागच्या बाजूवर बारीक पॉलिश पेपर फिरवायचा असतो, म्हणजे भोकांच्या कडा गुळगुळीत होतात. त्या गडबडीत तेही राहिलं. मी ओरडून सांगणार कसा? मी कागद होतो.

बुधवारी मला टेबलावर आणलं. आखणीबाईंनी पुरचुंडी फिरवली, कापड मास्तरीणबाईंच्या हातात दिलं आणि मुलाला घेऊन खिडकीशी जाऊन बसल्या. ठिपके जोडता जोडता मास्तरीणबाईंची पेन्सिल तिसऱ्या पक्ष्याच्या डोक्यापाशी थांबली. त्यांनी मान वर केली. आखणीबाई मुलाच्या सुजलेल्या ओठाला फुंकर घालत होत्या आणि मधूनच त्या वेलीकडे बघून हसत होत्या. मास्तरीणबाईंनी चष्मा खाली केला. त्यांनी अंदाजाने एक ठिपका दिला, त्यावर गाठीचा टाका घातला आणि काहीही बोलल्या नाहीत. गाठीचा टाका म्हणजे सुईला दोऱ्याचे वेढे देऊन घातलेली इवलीशी गाठ. भरतकामात पक्ष्याचा डोळा असाच करतात.

मित्रांनो, या एका न बोलण्यातून मंडळाचा एक रिवाज तयार झाला. नवीन कुणी आलं की त्याला दोरा कुठे ठेवायचा, कात्री कुणाची घ्यायची नाही आणि किटलीचं झाकण कसं लावायचं हे सांगत. मग आखणीबाई चहा ओतायला गेल्या की हळूच सांगत की तिसऱ्या पक्ष्याचा डोळा आपला आपण काढायचा, आणि त्यांच्यापाशी विषय काढायचा नाही. आखणीबाईंना भरलेल्या दुपट्यावर चारही पक्ष्यांना डोळे दिसत. इतक्या ठिपक्यांत एक ठिपका नाही, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

एकतीस वर्षं हे असं चाललं. मला पत्र्याच्या नळकांडीत गुंडाळून ठेवत, आणि आखणीबाई ती नळकांडी काखेत मारून घरी नेत व बुधवारी परत आणत. आत अंधार असायचा आणि निळीचा कोरडा वास असायचा. त्या अंधारात मी स्वप्नं बघायचो. गावभर माझे पक्षी आहेत, असं मला दिसायचं. कुणाच्या दोरीवर वाळताहेत, कुणाच्या कपाटात तळाशी झोपलेत, कुणाच्या इवल्या मुठीत एका पक्ष्याची शेपटी सापडली आहे. स्वप्नात सगळे पक्षी सारखे असत, फक्त तिसरा प्रत्येक वेळी वेगळीकडे बघत असे.

ते तरी खरंच होतं. डोळ्याची जागा मी दाखवत नव्हतो, म्हणून जो तो आपल्या मनाने डोळा काढत होता. मास्तरीणबाईंचा पक्षी वर्गात पहिल्या बाकावर बसल्यासारखा सरळ समोर बघायचा. घड्याळकाका मंडळातले एकटेच पुरुष. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, त्यामुळे त्यांचा डोळा डोक्याच्या अगदी मध्यावर, मोजून. बेकरीवाल्या बाई पहाटेपासून कणीक मळून आलेल्या असत. त्या सुईला दोनाऐवजी चार वेढे देत आणि त्यांच्या पक्ष्याचा डोळा बनपावातल्या मनुक्याएवढा होई. आणि दोघी जावा. एकमेकींशिवाय त्यांचं पान हलत नसे आणि एकमेकींशी त्यांचं पटतही नसे. थोरलीचा पक्षी सरळ खाली बघायचा. धाकटीचा मागे वळून, थोरलीचं लक्ष आहे की नाही ते तपासायचा. हिरव्याची छटा कोणती घ्यायची यावरून त्या दोघी एकदा तीन बुधवार अबोला धरून बसल्या होत्या, आणि निरोप मात्र घड्याळकाकांमार्फत चालू होते.

माझे सुखाचे दिवस होते ते. एकदा एक उंच तरुणी जुनं दुपटं घेऊन आली. कडा विरल्या होत्या. तिने ते टेबलावर पसरलं. हे माझं आहे, आता माझ्या मुलीला पांघरते, एवढं बोलून ती गेली. तेवढ्यात सगळ्यांनी तिसऱ्या पक्ष्याकडे पाहिलं होतं आणि कुणाच्या हातचं ते मनातल्या मनात ओळखलं होतं. बोललं कुणीच नाही, कारण आखणीबाई समोर होत्या.

मग मी म्हातारा होऊ लागलो. दुसऱ्या फुलाशी माझी घडी पडते. तिथली दोन भोकं आधी जवळ आली आणि मग एक झाली. पानांच्या कडा पुसट उतरू लागल्या. कापडावर फुलाऐवजी निळा डाग पडला की बेकरीवाल्या बाई तो हाताने झटकत आणि पेन्सिलीने फूल नव्याने काढत. मला लाज वाटायची.

पण मी एकटाच म्हातारा होत नव्हतो. आखणीबाई पुरचुंडी एकाच जागेवर दोनदा फिरवू लागल्या. त्यांच्या बाहीला नीळ लागलेली असे आणि त्यांना ते कळत नसे. मला उलगडून ठेवायच्या आधी त्या बोटांनी माझा फाटका कोपरा शोधत, म्हणजे वरची बाजू कोणती ते कळावं. त्या कुणाला काही सांगत नव्हत्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते घराबाहेर फक्त मला ठाऊक होतं, कारण त्या दिवशी परत येताना नळकांडी त्यांच्या मांडीवर होती आणि मुलाशी झालेलं बोलणं मी ऐकलं. जेवढं दिसतंय तेही हळूहळू जाणार होतं.

त्याच सुमारास मंडळातल्या लोकांना काय झालं ते मला कळेना. धाकटी जाऊ दारातूनच "आले हो मी, धाकटी" असं ओरडून आत येऊ लागली. वर्षानुवर्षं येणारी बाई, तिला आता स्वतःचं नाव सांगायची हौस का यावी? घड्याळकाका चहाचा कप आखणीबाईंसमोर ठेवताना टेबलावर बोटाने दोनदा टकटक करू लागले. पुरचुंडीची जागा ठरलेली, खुर्चीची जागा ठरलेली, आणि त्यात कुणी वीतभर फरक केला तर मास्तरीणबाई डोळे वटारत. मला वाटलं, वयाबरोबर माणसं हट्टी होतात. मी तेव्हा काही शहाणा नव्हतो.

एके दिवशी मास्तरीणबाईंनी अगदी सहज सांगितलं की नवा कागद करायला हवा, सवडीने करा. आखणीबाई हो म्हणाल्या. पुढच्या बुधवारी त्यांना चांगला कागद मिळाला नव्हता. त्याच्या पुढच्या बुधवारी सुई गंजली होती. मग पाठ धरली. प्रसूतिगृहासाठी भरून तयार असलेली दुपटी अकराच उरली होती, आणि माझ्यावरून आता काही धड उतरत नव्हतं. कुणी घाई केली नाही. तेच आखणीबाईंना जास्त टोचत होतं.

घरी सून कपाळावर आठी न आणता म्हणाली, "आई, दुकानात देऊ या का? मशीनवर दहा मिनिटांत छापून मिळेल." ती मनापासून बोलत होती आणि तिचं काही चुकत नव्हतं. आखणीबाई बघू म्हणाल्या. ती कामावर गेल्यावर त्यांनी मला नळकांडीतून काढलं आणि मांडीवर पालथं पसरलं.

"टाका कधी आला नाही," त्या म्हणाल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा हे माझ्याशीच असणार. "आता आखणीही गेली, तर त्या टेबलापाशी मी बसायचं कशासाठी?"

मित्रांनो, मला त्या क्षणी हात हवे होते. माझ्याकडे फक्त पाठ होती, आणि त्या पाठीवरून त्यांचा हात सहज फिरला. मग तो थांबला. पुन्हा फिरला, सावकाश. एकतीस वर्षांपूर्वी पॉलिश पेपर फिरवायचा राहिला होता ना? माझ्या पाठीवर प्रत्येक भोकाची कड अजून खरखरीत होती. झिजली होती, पण होती. आखणीबाईंच्या बोटाखाली एक पान आलं. त्यांनी देठापासून टोकापर्यंत ते चाचपलं आणि परत देठापाशी आल्या. ते पानच होतं.

त्यांनी घोंगडीची चौपदरी घडी घातली. नवा कोरा कागद पसरला, त्यावर मला पालथं ठेवलं, चारी कोपऱ्यांना टाचण्या लावल्या. कागद पालथा असला तरी बिघडत नाही, भोकांना उलटं-सुलटं नसतं. डाव्या हाताचं बोट खरखरीत कड शोधी आणि उजव्या हातातली बुचाची सुई त्याच भोकातून खालच्या कागदात उतरे. टोच. मग पुढचं भोक. जन्माच्या वेळचा तो आवाज मी इतक्या वर्षांनी पुन्हा ऐकत होतो. या खेपेला मात्र माझी भोकं रुंदावत होती, कुठे कुठे फाटत होती. मी संपत होतो आणि माझ्या खाली दुसरा कुणी जागा होत होता. मला खरंच वाईट वाटलं नाही. गुंगी आल्यासारखं वाटत होतं, दुपारच्या उन्हात यावी तशी.

सहा दुपारी लागल्या. वेल झाली, पानं झाली. पहिला पक्षी झाला, डोळ्यासकट. दुसराही झाला. तिसऱ्याची चोच झाली, डोकं झालं, आणि आखणीबाईंचं बोट डोक्याच्या आत शिरून शोधू लागलं. वर गेलं, खाली आलं, गोल फिरलं. सगळं गुळगुळीत होतं. त्या चौथ्या पक्ष्याकडे गेल्या, तिथे डोळा होता. परत तिसऱ्याकडे आल्या.

मग त्यांनी सुई खाली ठेवली. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. शाळेतला निरोप, फुटलेला ओठ, मांडीवरचं पोर, हे सगळं त्यांना आठवलं असणार, कारण त्या पुटपुटल्या, "घसरगुंडी." आणि मग त्यांना दुसरी गोष्ट कळली. भरलेल्या प्रत्येक दुपट्यावर त्यांनी चार पक्षी आणि चार डोळे पाहिले होते. तो चौथा डोळा कुठून येत होता? कोण घालत होतं? सगळेच. एकतीस वर्षं सगळ्यांनी त्यांची चूक झाकली होती. आखणीबाईंना आधी राग आला, मग इतकी शरम वाटली की त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि गालांना नीळ लागली.

नंतर त्यांनी सुई उचलली. ती तिसऱ्या पक्ष्याच्या डोक्यावर धरली. एक भोक पाडलं की चूक मिटणार होती आणि कुणाला काही बोलायची गरज राहणार नव्हती. हात हवेत थांबला. नेमकी जागा दिसत नव्हती, आणि डोळा चोचीवर किंवा मानेवर पडला असता तर? त्यांनी सुई घोंगडीत खोचून ठेवली. तिसरा पक्षी पुन्हा डोळ्यावाचून राहिला.

बुधवारी आम्ही दोघे कागद एकाच नळकांडीतून गेलो. खोलीत सगळे होते. धाकटीचं नाव सांगून झालं होतं, किटली ठेवली होती. आखणीबाई बसल्या नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"तिसऱ्या पक्ष्याचा डोळा मी विसरले होते," त्या म्हणाल्या. "आणि आता मला दिसत नाही. नवा कागद मी बोटांनी केलाय. तोही तसाच झालाय."

कुणाच्या तरी हातातली कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

"ठाऊक होतं आम्हाला," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"कुठलं?"

"दोन्ही."

आखणीबाई खाली बसल्या. आणि मित्रांनो, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दारातून येताना सांगितलेलं नाव, टेबलावरची टकटक, पुरचुंडीची ठरलेली जागा. जे मी हट्टीपणा समजत होतो ते काय होतं, हे मला तेव्हा कळलं. मला इतकी भोकं असून ही एवढी गोष्ट माझ्यातून आरपार गेली होती.

मग सांगितलं का नाही, असं आखणीबाईंनी विचारलं. आवाज जरा चढला होता. मास्तरीणबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. त्या म्हणाल्या की पहिल्या बुधवारी सांगणारच होते, पण तुम्ही त्या पोराला घेऊन बसला होता आणि इथे आल्यापासून पहिल्यांदाच मोकळेपणाने हसत होता. साखळी टाक्यावरून मी तुम्हाला बोलले होते, तेही माझ्या मनात होतं. पुढच्या बुधवारी सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. मग इतके बुधवार सांगितलं नाही याचीच लाज वाटायला लागली. "आणि तुम्ही तरी आम्हाला कुठे सांगितलंत?" एवढं मात्र त्या आपल्या जुन्या, वर्गातल्या आवाजात म्हणाल्या.

यावर आखणीबाईंना हसू यायला लागलं आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणीही.

बेकरीवाल्या बाई कामाशी काम ठेवणाऱ्या. त्या म्हणाल्या की मग आता नव्या कागदावर डोळ्याचं भोक पाडायचं की नाही, ते ठरवा. लगेच दोघी जावा एकमेकींच्या अंगावर आल्या. थोरलीचं म्हणणं, पाडायचं असेल तर खालच्या बाजूला पाडा. धाकटीचं म्हणणं, खाली बघणारा पक्षी उडणार कसा? वाद रंगात आला असता, पण घड्याळकाका उठले. त्यांनी कपाटातून ती अकरा दुपटी आणली, आखणीबाईंसमोर ठेवली आणि टेबलावर दोनदा टकटक केली.

"हात लावून बघा, बाई," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एका बुधवारी इतके शब्द क्वचितच बाहेर पडत.

आखणीबाईंनी पहिलं दुपटं उलगडलं. वेलीवरून बोट चालत तिसऱ्या पक्ष्यापाशी आलं आणि त्याला ती गाठ लागली, अगदी मध्यावर. "हे तुमचं," त्या काकांना म्हणाल्या. दुसऱ्यावर गाठ इतकी मोठी होती की त्यांनी नुसतं बेकरीवाल्या बाईंच्या दिशेने तोंड फिरवलं आणि सगळे हसले. तिसरं, चौथं, पाचवं. थोरली खाली, धाकटी मागे, मास्तरीणबाई समोर. अकराही दुपटी त्यांनी ओळखली. इतक्या वर्षांत त्यांनी भरलेली दुपटी नुसती डोळ्यांनी पाहिली होती. त्यांच्या चुकलेल्या जागेत प्रत्येकाने स्वतःचं काहीतरी ठेवलं होतं, ते त्यांना आज सापडत होतं.

"भोक पाडू नका," त्या म्हणाल्या.

नवा कागद कापडावर ठेवला. पुरचुंडी आखणीबाईंनीच फिरवली. ठिपके इतके स्वच्छ उतरले की बेकरीवाल्या बाईंनी कौतुकाने कापडाला हात लावायचं टाळलं. पुढचे दोन बुधवार त्या एका दुपट्यावर सगळ्यांनी मिळून काम केलं, जावांनीही, एकाच हिरव्या लडीतून. शेवटी तिसऱ्या पक्ष्याचा डोळा उरला. मास्तरीणबाईंनी सुईत काळा दोरा ओवला आणि सुई आखणीबाईंच्या हातात दिली.

त्या म्हणाल्या, मला टाका येत नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, मला माहीत आहे, मीच तो पाहिला होता. मग त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. सुईला दोन वेढे द्या, दोरा ताणून धरा आणि सुई जवळच खाली उतरवा, असं त्यांनी सांगितलं. हात मात्र धरला नाही. आखणीबाईंच्या डाव्या बोटाने पक्ष्याच्या डोक्याची कड शोधली. सुई गेली. दोरा सरसरत कापडातून उतरला आणि गाठ बसली. त्या साखळी टाक्यानंतर मंडळात त्यांनी घातलेला हा पहिला टाका.

डोळा अगदी वरच्या बाजूला बसला होता, डोक्याच्या कडेला टेकून.

"कुठे बघतोय?" आखणीबाईंनी विचारलं.

धाकटीने दुपटं हातावर घेतलं, बाळाला धरतात तसं, आणि वाकून पाहिलं. "वर," ती म्हणाली. "जो कुणी बाळाला उचलेल, त्याच्या तोंडाकडे."

ते दुपटं दुसऱ्या दिवशी प्रसूतिगृहात गेलं. कोणत्या बाळाला मिळालं ते कुणी विचारलं नाही. मी स्वप्नात मात्र त्याला पुष्कळदा पाहतो.

आता मी काम करत नाही. घड्याळकाकांनी माझ्यासाठी लाकडी चौकट केली आणि तिला काच बसवायला निघाले होते. आखणीबाई म्हणाल्या, काच नको, हात लागायचा नाही. म्हणून मी चार दोऱ्यांनी चौकटीत ताणून बांधलेला, त्या पश्चिमेच्या खिडकीत उभा आहे. दुपार कलली की ऊन माझ्यातून येतं आणि टेबलावर चार पक्षी उतरतात. ते सावकाश सरकत एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर जातात, कुणाच्या मनगटावर बसतात, कुणाच्या चहात पडतात. सहाच्या सुमारास भिंतीवर चढतात आणि विरून जातात.

आखणीबाई आजही दर बुधवारी येतात. भरून झालेलं प्रत्येक दुपटं आधी त्यांच्या हाताखालून जातं. सुटलेला टाका, राहिलेली गाठ, बाळाला बोचेल असं दोऱ्याचं टोक, त्यांच्या बोटांना बरोबर सापडतं. मास्तरीणबाई म्हणतात की यांच्यापुढे माझी तपासणी काहीच नव्हती. आखणीबाईंच्या खुर्चीची जागा अजूनही कुणी हलवत नाही.

मित्रांनो, जाता जाता माझं एवढं ऐका. घरातल्या जुन्या वस्तूंना काचेआड ठेवून विसरू नका. त्यांना हात लावत राहा. आपल्या माणसाचं काही राहून गेलेलं दिसलं तर ते गुपचूप भरून काढा, हरकत नाही, पण एखाद्या बुधवारी त्याला सांगूनही टाका. एकतीस वर्षं फार होतात.

खोलीत आल्यावर, खुर्चीत बसण्याआधी, आखणीबाई पहिल्यांदा खिडकीशी येतात. माझ्या पाठीवरून त्यांचं बोट चालू लागतं. वेल, पानं, पहिला पक्षी, दुसरा. तिसऱ्याच्या डोक्यापाशी, जिथे काहीच नाही तिथे, ते जरा वेळ थांबतं. मग त्या वळतात आणि आपल्या जागेवर जाऊन बसतात.